पार्सलातला किती रुपया गावात राहतो?

या खेपेच्या पत्रांत ऑनलाइन विक्रीचा विषय इतक्या जणांनी काढला आहे की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. मी अर्थतज्ज्ञ नाही. सिंधुदुर्गात पोस्टात नोकरी केली, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि आता आसपासच्या बचत गटांच्या वह्या तपासते. आमचा जिल्हा वर्षानुवर्षं मनीऑर्डरवर जगला. मुंबईच्या गिरणीतला नाहीतर गोदीतला मुलगा पैसे पाठवायचा, पोस्टमन ओटीवर बसून म्हातारीचा अंगठा घ्यायचा आणि वाण्याची उधारी फिटायची. पैसा गावात यायचा, पण त्यासाठी माणूस गावाबाहेर पाठवावा लागायचा. आता त्याच काउंटरवरून कोकम, काजू, मसाला बाहेर जातो हे बघून बरं वाटतं. तरी सवयीने मी हिशोबच विचारते: पार्सलाच्या शंभर रुपयांतले गावात किती राहिले, आणि कोणाच्या हातात?

चीनमध्ये म्हणे अख्खी गावं ऑनलाइन दुकानं चालवतात, त्यांना ‘ताओबाओ गाव’ म्हणतात. आमच्याकडे रेंज चांगली आहे, शिकलेली पोरं रिकामी आहेत. आमचं गाव तसं करता येईल का?
— एक सरपंच, मंगळवेढा तालुका

म्हणे नाही, खरोखरच आहेत. ताओबाओ हे अलीबाबा कंपनीचं खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ. त्याच कंपनीच्या संशोधन विभागाने व्याख्या ठरवली: गावाची वर्षाची ऑनलाइन उलाढाल किमान १ कोटी युआन हवी, आणि चालू दुकानं किमान १०० किंवा गावातल्या घरांच्या १० टक्के हवीत. २००९ साली अशी ३ गावं सापडली. २०१३ मध्ये २०, २०१४ मध्ये २१२, २०२० मध्ये ५,४२५. मोजणारा आणि धंदा करणारा एकच आहे हे ध्यानात ठेवून आकडे वाचावेत, पण गावं वाढली यात शंका नाही.

पहिल्या तिनांतलं एक म्हणजे ज्यांगसू प्रांतात शाजी या लहान शहराखाली येणारं दोंगफंग गाव. हे गाव तोवर जुनं प्लास्टिक गोळा करून त्यावर प्रक्रिया करायचं, डुकरं पाळायचं. आसपास जंगल नाही, सुतारकामाचं नाव नाही. सुन हान नावाचा तिथला तरुण कॉलेज अर्धवट सोडून, मोबाइल कंपनीतली नोकरीही सोडून २००६ मध्ये ऑनलाइन विक्रीत उतरला. आधी किरकोळ वस्तू विकल्या. मग शांघायमध्ये आयकियाच्या दुकानात त्याने सुटे भाग जोडून उभं करायचं साधं फर्निचर पाहिलं, गावाकडच्या सुताराकडून तसंच करून घेतलं आणि फोटो टाकले. माल खपला.

इथवरची गोष्ट एका हुशार पोराची आहे आणि अशी पोरं तुमच्या तालुक्यातही असतील. खरी गंमत पुढे झाली. शेजाऱ्याच्या दारात रोज गाडी लागते हे गावात लपत नाही. शेजाऱ्याने नक्कल केली, त्याच्या मेहुण्याने केली, मग आळीने केली. एवढी दुकानं झाल्यावर प्रत्येकाने सगळं स्वतः करायची गरज उरली नाही. कोणी फळ्या आणून पुरवायला लागला, कोणी स्क्रू-बिजागऱ्यांचं दुकान टाकलं, कोणी खोकी आणि फोम. फोटो काढणारे आले. ज्यांची बोटं कीबोर्डवर भरभर चालत होती अशा मुली गिऱ्हाइकांशी चॅटवर बोलायला बसल्या. माल भरपूर म्हटल्यावर वाहतूक कंपन्या आपणहून गावात आल्या आणि भाडं उतरलं. शहरात मजुरीला गेलेले आईबाप परतले, म्हातारी माणसंसुद्धा पॅकिंगला लागली. दुकानदार झालेल्यांपेक्षा त्यांच्या अवतीभवती पोट भरणारे जास्त झाले.

म्हणून सरपंच, तुमच्या पत्रातली ‘रेंज’ आणि ‘शिकलेली पोरं’ मला पुरेशी वाटत नाहीत. तुमच्या गावातून एखादं पार्सल निघालं तर खोका कुठून येईल? सोलापूरहून? लेबल कोण छापेल? गाडी रोज येईल का, की दहा पार्सलं साठेपर्यंत माल पडून राहील? ही कामं गावात किंवा निदान तालुक्याला उभी राहिली तर पैसा चार घरांत फिरतो. नाहीतर एक पोरगा श्रीमंत होतो आणि पुण्याला फ्लॅट घेतो. वाईट काही नाही त्यात, पण ते गावाचं काम म्हणता येणार नाही.

विकायचं काय, तेही बघा. शानतुंग प्रांतातल्या छाओ परगण्यात ताची नावाचं ठिकाण आहे. तिथले लोक फोटो स्टुडिओत मागे लावायचे पडदे तयार करून दारोदार विकायचे. कापडाची ओळख होतीच. त्यावरून ते शाळेच्या नाटकांचे, नाचाचे पोशाख शिवायला लागले आणि आज तो परगणा त्या पोशाखांसाठी ओळखला जातो. तुमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आहे. पण ज्वारी जड आणि किलोला स्वस्त, पाच किलोचं पोतं पुण्याला पाठवा, भाडंच मालाला गिळेल. त्याच ज्वारीची कडक भाकरी आणि सोबत शेंगाचटणी मात्र हलकी, टिकाऊ, आणि मुंबई-पुण्याचा सोलापूरकर त्यासाठी जीव टाकतो. भाकरी मोडू नये असा डबा ज्याला सुचेल, त्याला पहिलं कर्ज द्या.

आणि एक कटकट आधीच सांगते. दोंगफंगमध्ये सगळे एकच फडताळ विकायला लागले तेव्हा भाव पाडायची चढाओढ लागली. डिझाइन कोणाचं यावरून भांडणं झाली. गावात सगळे एकमेकांचे भाऊबंद असतात, त्यामुळे ही भांडणं कोर्टात कमी आणि बांधावर जास्त होतात. दर्जा आणि किमान भाव ठरवायला उत्पादक कंपनी असो, सोसायटी असो, काहीतरी पहिल्या वर्षीच हवं.

आमचा दहा जणींचा गट मालवणी मसाला, आमसुलं आणि पापड करतो. एका मोठ्या ॲपवर नाव घालायला एक मुलगा मदत करतो म्हणतो. काही जणी म्हणतात व्हॉट्सॲपच बरं. जीएसटी लागेल अशीही भीती आहे. काय करावं?
— बचत गटाची सचिव, वेंगुर्ले तालुका

आधी कागद काढा. आकडे मी उदाहरणादाखल धरते, तुमचे तुम्ही भरा.

समजा अर्धा किलो मसाल्याची किंमत ४५० रुपये लावली. मिरची, धणे, खडा मसाला २१०. कांडप २०. पाकीट, लेबल, खोका ३०. पार्सलचं भाडं ७०. ॲपचं कमिशन आणि इतर कापाकापी ६०. झाले ३९०. राहिले ६०, आणि ते तुमच्या मजुरीचे. मिरच्या वाळवणं, भाजणं, ठसका, सगळं त्यातच. दहा पार्सलं गेली तर ६०० मिळतील असं वाटतं. पण दहातलं एक परत आलं तर? कॅश ऑन डिलिव्हरीत ते येतंच. त्याचं जातानाचं ७०, येतानाचं ७०, खोका-पाकीट ३०, आणि खायची वस्तू परत आल्यावर ती पुन्हा विकू नये, म्हणजे मालाचे २३०. हे ४०० गेले. नऊ पार्सलांचे ५४० वजा ४००, उरले १४०. पाच किलो मसाल्याची दहा जणींची मजुरी १४० रुपये.

हे दुखणं नवीन नाही हो. पोस्टात व्हीपीची सोय १८७७ पासून आहे, आधी वस्तू दारात आणि मग पैसे. पुस्तकं, औषधं, घड्याळं अशीच यायची. आणि ‘घेणाऱ्याने नाकारले’ असा शेरा मारून ती परतही जायची, नोकरीत मी असे शेरे रोज पाहिले. नाव बदललं, माणसाचा स्वभाव तोच.

आता दुसरा हिशोब. पुण्यातल्या एका सोसायटीत तुमची नणंद नाहीतर मावशी राहते. तिने दहा घरांची मागणी गोळा केली. तुम्ही पन्नास रुपये कमी करून ४०० ने दिलं, पैसे आधी यूपीआयवर. आले ४,०००. माल आणि कांडप २,३००, पाकिटं-लेबलं १५०, एक मोठा खोका ६०, पाच किलोच्या एका पार्सलचं भाडं २५० धरू. खर्च २,७६०, उरले १,२४०. नऊपटीला थोडं कमी. शिवाय मावशीला अर्धा किलो मसाला फुकट देऊनही तुम्ही फायद्यात.

मग ॲपवर जाऊच नये? जावं, पण कशासाठी ते ठरवून. ओळखीचं वर्तुळ एक दिवस संपतं, कोकणाशी संबंध नसलेला नागपूरचा माणूस मावशीमार्फत भेटत नाही. ॲपचं कमिशन म्हणजे त्या नव्या माणसाला शोधायची मजुरी समजा आणि तिथे दोनच वस्तू ठेवा, ज्यांत खर्च भरून निघतो अशा. पहिल्यापासूनच कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवता येते का ते त्या मुलाला बघायला सांगा. पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, वजन, किंमत, तारीख, घटक, एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक हे कायद्यानेच छापावं लागतं. ते ठळक छापा. ज्याला मसाला आवडेल तो दुसऱ्यांदा नंबर शोधेलच.

पापडाचं मात्र सांभाळून. बरीच कुरिअरं वजन दोन प्रकारे धरतात: काट्यावरचं, आणि लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागलेलं. जे जास्त त्याचे पैसे. तीस बाय तीस बाय वीसचा खोका म्हणजे ३.६ किलो, आत पापड दीडच किलो असले तरी. गटातल्या एकीने फक्त खोक्याची मापं बसवायचं काम घ्यावं, तिची मजुरी त्यातून सुटेल.

जीएसटीचं. महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. आधी ॲपवर विकायचं म्हटलं की लहानालाही नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अट लहान विक्रेत्यांपुरती सुटली आहे, पॅनवर जीएसटी पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घेतला की झालं. पण ही सूट राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. आणि वेंगुर्ल्यात बसून हेच विसरायला होतं: पेडणं तुम्हाला कुडाळाइतकंच जवळचं, पण ते गोव्यात. मसाल्यासारखा करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर नोंदणी हवी. तेव्हा ॲपवर माल लावताना विक्रीचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं ठेवा, आणि गोव्याची मागणी खरंच वाढली की एखाद्या सीएला भेटून नोंदणी करून टाका. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त दर वेळी विवरणपत्र भरायला गटातली कोण बसणार ते आधी ठरवा. सगळ्या जणी सचिवाकडे बघतात, मला माहीत आहे.

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. वाशीच्या दलालाला सोडून सगळा आंबा ऑनलाइन विकावा असं मुलगा म्हणतो. शिवाय कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो त्याचं काय करायचं?
— एक बागायतदार, देवगड तालुका

मुलाचं म्हणणं चूक नाही, ‘सगळा’ हा शब्द तेवढा खटकतो.

दलाल म्हणजे नुसता विकणारा नव्हे. फवारणीच्या वेळी उचल तोच देतो. हंगामाच्या शेवटी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येते, त्यात हमाली, तोलाई, कमिशन आणि उचल वजा होऊन जे उरतं ते तुमचं, आणि भाव काय लागला हे तुम्हाला माल गेल्यावर कळतं. बागायतदार चिडतो ते खरं म्हणजे याच कळण्यावर. थेट विक्रीत भाव आधी तुम्ही सांगता. ही फार मोठी गोष्ट आहे, पैशाहूनही. पण उचल कोण देणार? मोहर आल्यावर फवारणीला जो पैसा लागतो तो ऑनलाइनचं गिऱ्हाईक देत नाही. आगाऊ नोंदणी घेऊन थोडा जमतो, बाकीचा बँकेच्या पीककर्जातून. तो रस्ता बांधून होईपर्यंत दलालाशी उघड भांडण नको.

दुसरं, झाडावर सगळी फळं खोक्याच्या लायकीची नसतात. पुण्याच्या गिऱ्हाइकाला एक मापाची, डाग नसलेली डझन-दोन डझन हवी असतात. बारीक, डागी फळ कॅनिंगला जातं किलोवर, आणि मधलं वाशीला. पहिल्या वर्षी थोडाच वाटा थेट काढा आणि तोही एका शहरापुरता. अढीतून केव्हा काढायचं, वाटेत किती पिकेल, उन्हाच्या गाडीत किती सडेल, हे प्रत्येक शहराचं वेगळं असतं. एक खोका खराब निघाला तर तक्रार फोटोसकट बिल्डिंगच्या ग्रुपवर पडते. तेव्हा वाद न घालता दुसरा खोका पाठवायचा, एवढी शिल्लक बाजूला ठेवा.

नकली मालाबद्दल: हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि ठाणे या जिल्ह्यांसाठी जीआय मिळालं. पण कागदावरच्या मानांकनाने बाजारातला माणूस बदलत नाही. तुमच्या देवगड तालुका आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर प्रत्येकी वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर लावायची पद्धत आणली. गिऱ्हाईक स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून आंबा कोणाच्या बागेतला ते विचारू शकतं. मला ही कल्पना पटते, कारण यात विश्वास विकणाऱ्या ॲपकडे न राहता बागायतदारांच्या संस्थेकडे राहतो. उद्या तुम्ही ॲप बदललं तरी स्टिकर तुमचंच. स्टिकर कोणी कमी-जास्त उचलतं का, शेजाऱ्याला देतं का, यावर मात्र लक्ष ठेवावं लागेल, आणि ते काम गावातल्याच माणसांना करायचं आहे. म्हणजे अवघड.

आमच्या गावात रोज ऑनलाइनच्या पिशव्या येतात. मिक्सर, चपला, आता तर साबणसुद्धा. माझं किराणा-जनरल दुकान बसत चाललंय. तुम्ही लोक याला विकास म्हणता?
— एक दुकानदार, नेवासे तालुका

रागावलात ते बरोबर आहे. गावात इंटरनेटवरचा व्यापार आला म्हणजे गावचं भलं झालं, हे वाक्य भाषणात ठीक असतं.

याची नीट परीक्षा चीनमध्ये झाली आहे. अलीबाबाने २०१४ मध्ये जाहीर केलं की तीन ते पाच वर्षांत १,००० कोटी युआन खर्चून १ लाख गावांत आपली सेवा केंद्रं काढू. गावातल्या एखाद्या दुकानात संगणकाचा पडदा लावायचा, तिथून लोकांनी मागवायचं आणि आपला माल विकायचा. बर्कली विद्यापीठाचे बेंजामिन फेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनह्वे, हनान आणि क्वेचौ या तीन प्रांतांतल्या ८ परगण्यांत, केंद्र असलेली आणि नसलेली गावं शेजारी ठेवून पाहिलं. २०२१ मध्ये ते छापून आलं. फायदा झाला तो मुख्यतः खरेदीत, तोही थोड्याच घरांना, आणि ती घरं तुलनेने तरुण आणि बऱ्या परिस्थितीतली. जिथे आधी पार्सल पोचतच नव्हतं तिथे फरक जास्त दिसला. विक्रीतून गावाचं सरासरी उत्पन्न वाढलं असं काही त्यांना आढळलं नाही. दोंगफंगसारखी गावं खरी, पण ती आपल्या आपण उगवली. वरून केंद्र नेऊन ठेवलं म्हणून दुसरं दोंगफंग होत नाही.

आता तुमचं. मिक्सर आणि मोबाइलच्या भावात तुम्ही ॲपशी लढू नका, हराल. पण कारखान्याचं उसाचं बिल थकलंय म्हणून कोणाच्या घरी यंदा दिवाळीचा किराणा उधार द्यायचा आणि कोणाला नाही द्यायचा, हे ॲपला कळत नाही. रात्री नऊला पाव किलो साखर लागली तर ती तुमच्याकडेच मिळते. हे दोन गड सांभाळा. आणि त्या पिशव्या येतातच आहेत तर तुमच्याच दुकानात उतरू द्या. दिवसभर शेतावर असलेल्या माणसाला डिलिव्हरीवाला सापडत नाही, त्याचं पार्सल ठेवून घ्यायला तुमच्यासारखी हक्काची जागा लागते. पार्सलमागे किती देणार ते कुरिअरवाल्याशी आधी लेखी ठरवा, फुकट गोदाम होऊ नका. पार्सल न्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या गावात कोणी लोणची, शेवया, गूळ बाहेर पाठवत असेल तर खोकी, चिकटपट्टी, बबल शीट ठेवायला लागा. तेही किराणा दुकानच आहे, गिऱ्हाईक तेवढं वेगळं.

मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून ऑनलाइन विकते. शिवते मी, पण फोन मिस्टरांचा, खातं त्यांचं. किती मिळाले ते कळत नाही. विचारलं की वाद होतो. तुम्ही याला स्वावलंबन म्हणाल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

नाही म्हणणार. बाईच्या हाताला काम मिळालं एवढं खरं, आणि ते तर आधीही होतं.

मनीऑर्डरच्या काळात फॉर्मवर जिचं नाव तिच्याच हातात पैसे द्यायचे असा नियम होता. सासरा दारात उभा असला तरी पोस्टमन सुनेला हाक मारायचा, कारण नाव तिचं. आमच्याकडच्या कित्येक सुनांना पाच रुपये स्वतःच्या मर्जीने खर्चायची सवय त्या नियमामुळे लागली. ॲपवर पैसे ज्याच्या खात्याचा क्रमांक भरला आहे तिथे जातात, बस. म्हणून क्रमांक बदलणं एवढंच काम आहे, पण ते क्रमाने करा. पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं बचत खातं, बँकेत नाहीतर पोस्टात. पॅन नसेल तर काढा. मग स्वतःच्या नावाचं सिम, कारण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तोच मालक. साधा फोनही चालेल सुरुवातीला. त्यानंतर विक्रेत्याच्या माहितीत खातं आणि नंबर बदला.

मिस्टरांना काय सांगायचं? खरं आहे तेच सांगा: गोधड्यांसाठी पुढे कर्ज काढायचं झालं, मुद्रा असो की गटाचं, तर बँक व्यवहार बघते तो अर्जदाराच्या खात्यातला. तुमच्या खात्यात उलाढाल दिसली नाही तर कर्ज तुम्हाला मिळणार नाही. हे कारण घरात टिकतं असं मी पाहिलं आहे. भांडणापेक्षा तरी टिकतं.

तोवर एक वही करा. गोधडीचा दिवस, साड्या कुठून आल्या, किती वेळ लागला, कितीला गेली. भाव वाढवायचा विषय निघेल तेव्हा ती वही मिस्टरांसमोर उघडा. फोटोत मात्र टाके जवळून दाखवा. हाताने शिवलेलं आणि मशीनवर मारलेलं यांतला फरक शहरातल्या गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि पैसे तो त्या फरकाचेच देतो.

आमचा पिनकोड टाकला की कुरिअरवाले ‘सेवा उपलब्ध नाही’ दाखवतात. मध उत्तम आहे, गिऱ्हाईकही आहे. पाठवायचा कसा?
— एक वाचक, महाबळेश्वर तालुका

पिनकोड पोस्टाने १५ ऑगस्ट १९७२ ला आणला, तेव्हा पोस्टाला तरी तो नाकारता येत नाही. गावातल्या ब्रँच ऑफिसात डाकसेवक काही तासच बसतात, म्हणून नेहमीचं पार्सल असेल तर तालुक्याच्या ऑफिसशीच बोलून ठेवा. दर आठवड्याला ठराविक पार्सलं येणार असं कळलं की तेही तयारीत राहतात. मध काचेत पाठवू नका. जाड प्लास्टिकची बाटली, झाकणाखाली सील, वर पिशवी, मग खोका, आणि खोका हलवल्यावर आत आवाज येता कामा नये. एक बाटली आधी स्वतःच्याच नातेवाइकाला पाठवून बघा. पत्त्यावर घेणाऱ्याचा मोबाइल नंबर न विसरता लिहा. आणि डाकेची बॅग किती वाजता बंद होते ते विचारून घ्या, त्याच्या पाऊण तास आधी पोचा. बॅग बंद झाल्यावर आलेलं पार्सल दुसऱ्या दिवशीच निघतं, मग तुम्ही कितीही ओळखीचे असा.